मे महिन्यातील दुपारी किती किलो उरतात? हलक्या दुहेरी इंजिनांच्या वैद्यकीय हेलिकॉप्टरांची तुलना करू पाहणाऱ्यांसाठी

रुग्णसेवेसाठी हेलिकॉप्टर विकत घ्यायचे किंवा भाड्याने लावायचे ठरले की सर्वांत आधी टेबलावर येतात ती उत्पादक कंपन्यांची माहितीपत्रके. त्यांतील आकडे खोटे नसतात. परंतु ते बहुतेक वेळा समुद्रसपाटीच्या, १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या प्रमाणित हवेत आणि वैद्यकीय साहित्य न बसवलेल्या यंत्रासाठी दिलेले असतात. नागपुरात अशी हवा जानेवारीच्या पहाटे कधीतरी जवळपास भेटते, मे महिन्यात मुळीच नाही. रुग्णालयाचे प्रशासन, जिल्हा यंत्रणा, हवाई पथकात नव्याने रुजू झालेले डॉक्टर व परिचारिका आणि या क्षेत्रात पाऊल ठेवणारे तरुण वैमानिक यांना ही तुलना टप्प्याटप्प्याने करता यावी, म्हणून हा लेख लिहिला आहे. साऱ्या टप्प्यांतून एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे: भर उन्हाळ्यात, सर्व साहित्यासह, जाण्या-येण्याचे इंधन भरल्यानंतर रुग्णासाठी किती किलो शिल्लक राहतात?

या वर्गात प्रामुख्याने चार नावे ऐकू येतात. एअरबसची एच१३५ आणि एच१४५, बेलचे ४२९ आणि लिओनार्दोचे एडब्ल्यू१०९. पहिल्या दोघांचे मूळ जर्मनीत आहे. १ नोव्हेंबर १९७० रोजी म्युनिकमध्ये ‘क्रिस्टोफ १’ या नावाने कायमस्वरूपी हवाई बचावसेवा सुरू झाली, ती बीओ१०५ या दुहेरी इंजिनांच्या छोट्या यंत्रावर. मागची दारे उघडून स्ट्रेचर सरळ आत सरकवण्याची त्या यंत्राची सोय पुढे एच१३५ आणि एच१४५ या दोघांतही कायम राहिली.

पहिला टप्पा: यंत्र नव्हे, फेरी ठरवा

‘चांगले हेलिकॉप्टर कोणते?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘आमच्या सर्वांत अवघड फेरीला कोणते पुरते?’ याला असते. म्हणून प्रथम नकाशा घेऊन तीन-चार ठरावीक फेऱ्या लिहून काढाव्यात. नागपूर हा तळ धरला, तर तेथून सरळ रेषेत गडचिरोली सुमारे १४० किलोमीटर आहे, चिखलदरा १८० च्या आसपास आणि भामरागड २४५ च्या आसपास. समृद्धी महामार्गावरील अपघातस्थळ ही आणखी वेगळी फेरी, कारण तेथे अंतर कमी असले तरी उतरण्याची जागा आधी ठाऊक नसते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला की १०८ ची गाडीही पलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे भामरागडची फेरी वर्षातून मोजक्याच वेळा घडणार असली, तरी ती हिशेबातून वगळणे योग्य ठरणार नाही.

प्रत्येक फेरीसमोर चार गोष्टी नोंदवाव्यात: उतरण्याची जागा मोकळी आहे की झाडा-तारांनी वेढलेली, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची, तेथे इंधन मिळते का, आणि रुग्ण शेवटी कोठे न्यायचा. शेवटच्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. रुग्ण मिहानमधील एम्सला न्यायचा असेल, तर सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टीवर उतरून पुढचे थोडके अंतर रुग्णवाहिकेने कापणे हा साधा मार्ग उपलब्ध असतो. तोच रुग्ण मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ट्रॉमा सेंटरला न्यायचा असेल, तर शहरातील वाहतुकीतून जाणाऱ्या रुग्णवाहिकेची मिनिटेही फेरीच्या वेळेत धरावी लागतात. विमानतळावर उतरायचे की इमारतींच्या दाटीतील हेलिपॅडवर, यावर यंत्राला किती वजन पेलता येईल हे ठरते. त्याचे कारण पाचव्या टप्प्यात येईल.

दुसरा टप्पा: आपली हवा मोजा

हेलिकॉप्टरच्या पात्यांना आणि इंजिनांना समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही. त्यांना कळते ती हवेची घनता. हवा तापली की विरळ होते, पात्यांची पकड कमी होते आणि त्याच वेळी इंजिनही कमी शक्ती देते. हा दुहेरी फटका नवख्या माणसाच्या लक्षात येण्यासाठी एक आकडेमोड स्वतः करून पाहावी.

नागपूर विमानतळाची उंची साधारण १,०३३ फूट आहे. मे महिन्यातील दुपारी हवेचा दाब समुद्रसपाटीला १,००३ हेक्टोपास्कल धरला, तर तो प्रमाणित १,०१३ पेक्षा १० ने कमी आहे. प्रत्येक हेक्टोपास्कलमागे सुमारे २७ ते ३० फूट या हिशेबाने दाब-उंची (प्रमाणित हवेत तोच दाब ज्या उंचीवर असतो ती उंची) १,३०० फुटांच्या आसपास येते. या उंचीवर प्रमाणित हवेचे तापमान साडेबारा अंश असायला हवे, प्रत्यक्षात ते ४५ आहे. फरक साडेबत्तीस अंशांचा. प्रत्येक अंशामागे १२० फूट मिळवले की सुमारे ३,९०० फूट वाढतात आणि घनता-उंची (प्रमाणित हवा जेथे तेवढीच विरळ असते ती उंची) ५,२०० फुटांवर पोहोचते. म्हणजे सोनेगावला उभे असलेले यंत्र त्या दुपारी दीड किलोमीटरपेक्षा अधिक उंचीच्या डोंगरावर असल्यासारखे वागते. डिसेंबरच्या सकाळी १२ अंश तापमान आणि १,०१६ हेक्टोपास्कल दाब धरून हाच हिशेब केला, तर उत्तर ८०० फुटांच्या आसपास येते. यंत्र तेच, वैमानिक तोच, धावपट्टी तीच. चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे १,१०० मीटर उंचीवर, ३८ अंश तापमानात हीच घनता-उंची साडेसात हजार फुटांच्या घरात जाते.

तापमान कोठून घ्यायचे, हेही आधी ठरवावे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली आणि ती देशभर पसरली; संवेदकातील बिघाडामुळे ती नोंद झाल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. तुलनेसाठी विमानतळाची अधिकृत नोंद वापरावी. पथकाने कमाल तापमान न धरता एप्रिल-मेमधील दुपारचे नेहमीचे तापमान, म्हणजे ४२ ते ४५ अंश, आधार मानावे, असे माझे मत आहे, कारण फेऱ्या त्याच तापमानात घडणार असतात. ४७ अंशांचा हिशेब वेगळा काढून बाजूला ठेवावा. मात्र यंत्राला कमाल किती तापमानात उड्डाणाची परवानगी आहे आणि त्याच्या वजन-मर्यादेच्या तक्त्यातील तापमानाच्या रेषा कोठे संपतात, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तक्ता जेथे संपतो, तेथून पुढे अंदाजाने रेघ ओढण्याची मुभा कोणालाच नसते.

तिसरा टप्पा: खरे रिकामे वजन मागा

माहितीपत्रकातील ‘रिकामे वजन’ म्हणजे प्रत्यक्षात कोणीही न उडवणारे यंत्र. त्यात स्ट्रेचर व त्याचा पाया, ऑक्सिजनचे सिलिंडर, व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, सक्शन, विजेचा इन्व्हर्टर, जादा आसने, तारा कापणारी पाती, धुळीची गाळणी आणि वातानुकूलन असे सारे मिळवले की दीडशे-दोनशे किलो सहज वाढतात, कधी त्याहूनही अधिक. म्हणून विक्रेत्याकडून किंवा चालक कंपनीकडून त्याच साहित्यासह वजनकाट्यावर तोललेल्या यंत्राचा वजन-अहवाल मागावा. ‘साधारण इतके’ हे उत्तर स्वीकारू नये.

वातानुकूलनाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण थंड देशांतील तुलना वाचून निर्णय घेणारे येथेच फसतात. तेथे एसी ही चैन आहे. येथे तो वैद्यकीय उपकरणाचा भाग मानावा लागतो. मे महिन्यात अॅप्रनवर (विमाने उभी करण्याच्या मोकळ्या जागेवर) बंद उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरची केबिन बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि अनेक मॉनिटर व डिफिब्रिलेटर यांची वापराची मर्यादा ४० ते ५० अंशांच्या दरम्यान असते. औषधांचे वेगळेच. तेव्हा एसीचे वजन धरायचे आणि त्याला लागणारी शक्तीही वजा करायची. फ्लाइट मॅन्युअलच्या (यंत्राच्या अधिकृत उड्डाणपुस्तिकेच्या) पुरवणीत एसी चालू असताना किती वजन कमी धरायचे किंवा उड्डाण व उतरणीच्या वेळी तो बंद ठेवायचा का, हे लिहिलेले असते. धुळीच्या गाळणीलाही अशीच पुरवणी असते. पुरवण्या न वाचता केलेली तुलना मूळ तक्त्यांवरच थांबते, आणि मूळ तक्ते स्वच्छ हवेतल्या, काही न बसवलेल्या यंत्राचे असतात.

चौथा टप्पा: कमाल वजनाचा आकडा कसा वाचावा

एच१३५ चे कमाल उड्डाण-वजन २,९८० किलो असून नंतरच्या सुधारणेत ते ३,१०० पर्यंत वाढले. पाच पात्यांच्या एच१४५ चे ३,८०० किलो आहे. बेल ४२९ चा मूळ आकडा आणि एडब्ल्यू१०९ च्या ग्रँड आवृत्तीचा आकडा ३,१७५ च्या आसपास येऊन थांबतात, आणि तो योगायोग नाही: अमेरिकी व युरोपीय नियमांतील लहान रोटरयंत्रांच्या वर्गाची सीमाच ७,००० पौंड, म्हणजे ३,१७५ किलो आहे. त्यापुढे अधिक कडक वर्ग लागू होतो, आणि एच१४५ त्याच वर्गात प्रमाणित आहे. बेल ४२९ ला कॅनडासारख्या काही देशांनी ३,४०२ किलोपर्यंत मान्यता दिली. त्यामुळे एकाच यंत्राचे दोन कमाल आकडे वाचायला मिळतात. आपल्याकडे नोंदणी होणाऱ्या यंत्राला कोणता आकडा लागू आहे, हे चालक कंपनीकडून लेखी घ्यावे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की हा कमाल आकडा रचनेच्या आणि नियमांच्या मर्यादेतून आलेला असतो. तेवढे वजन तापलेल्या हवेत उचलता येईलच, असा त्याचा अर्थ नाही. थंड हवेत इंजिनांकडे शक्ती मुबलक असते आणि वैमानिकाला आधी गिअरबॉक्सची टॉर्कमर्यादा (पाती फिरवणाऱ्या जोराची मर्यादा) अडवते. तापमान वाढत गेले की एका बिंदूनंतर चित्र उलटते: टॉर्कमध्ये वाव असतो, पण इंजिनाचे तापमान किंवा गॅस जनरेटरचे (इंजिनाच्या फिरत्या गाभ्याचे) फेरे आधी लाल रेघेला टेकतात. दोन यंत्रांची तुलना करताना हा बिंदू कोणाचा किती अंशांवर येतो, हे विचारणारा खरेदीदार क्वचितच भेटतो. विदर्भासाठी मात्र हाच प्रश्न निर्णायक आहे. गिअरबॉक्सच्या मर्यादेपेक्षा बरेच मोठे इंजिन बसवलेले यंत्र उन्हात उशिरा मार खाते. एच१४५ ने सप्टेंबर २०१९ मध्ये ६,९६२ मीटर उंचीच्या अकोंकाग्वा शिखरावर उतरून दाखवले, ते अशाच राखीव शक्तीच्या जोरावर. पण तेथील हवा विरळ असली तरी गोठवणारी होती आणि यंत्र हलके केलेले होते. त्या पराक्रमावरून ४५ अंशांतील भारवहनाचा अंदाज बांधू नये.

पाचवा टप्पा: एक इंजिन गेले तर?

दोन इंजिनांचे यंत्र घ्यायचे ते याच प्रश्नासाठी, आणि तरीही अनेक तुलनांमध्ये दोन्ही इंजिने चालू असतानाचेच आकडे मांडलेले असतात. फ्लाइट मॅन्युअलमध्ये वजनाचे निदान तीन निरनिराळे तक्ते शोधावेत: जमिनीलगतच्या हॉवरचा (हवेत एकाच जागी स्थिर राहण्याचा), जमिनीपासून दूर, पात्यांखाली दाबल्या जाणाऱ्या हवेच्या उशीचा आधार नसलेल्या हॉवरचा, आणि ‘कॅटेगरी ए’ पद्धतीच्या उड्डाणाचा. शेवटच्या तक्त्याचा अर्थ असा की उड्डाणाच्या कोणत्याही क्षणी एक इंजिन बंद पडले, तर निर्णयबिंदूच्या आधी यंत्र सुरक्षितपणे परत खाली येऊ शकते आणि त्यानंतर ते एका इंजिनावर चढत राहू शकते. या पद्धतीचेही प्रकार असतात. मोकळ्या धावपट्टीवर पुढे वेग घेत केलेल्या उड्डाणाला वजनाची मुभा जास्त मिळते. चारी बाजूंनी अडथळे असलेल्या हेलिपॅडवरून सरळ वर किंवा किंचित मागे सरकत केलेल्या उड्डाणाला ती बरीच कमी मिळते, आणि तापलेल्या हवेत हा फरक आणखी रुंदावतो.

एका इंजिनावरच्या शक्तीच्या मर्यादाही वेळेशी बांधलेल्या असतात. काही यंत्रांत ३० सेकंदांची आणि २ मिनिटांची अशा दोन पायऱ्या असतात, काहींत अडीच मिनिटांची एकच असते. त्यानंतर सततच्या मर्यादेत यावे लागते. तुलनेच्या तक्त्यात हे रकाने वेगळे ठेवावेत.

सहावा टप्पा: एका फेरीचा हिशेब मांडा

खालील आकडे कोणत्याही विशिष्ट यंत्राचे नाहीत, पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. समजा, सर्व साहित्यासह यंत्राचे वजन १,९०० किलो आहे. वैमानिक, डॉक्टर आणि परिचारक मिळून २३० किलो. यंत्र ताशी २३५ किलोमीटर वेगाने जाते आणि तासाला २१० किलो इंधन जाळते. भामरागडला जायला ६३ मिनिटे, म्हणजे २२० किलो, यायला तेवढेच, इंजिन सुरू करून निघेपर्यंत १५ किलो, आणि अर्ध्या तासाचा राखीव साठा १०५ किलो. एकूण ५६० किलो इंधन. नागपूरहून निघताना वजन २,६९० किलो भरते आणि मोकळ्या धावपट्टीच्या तक्त्याने ४४ अंशांना समजा २,८५० ची परवानगी दिली, तर येथे अडचण नाही.

अडचण तिकडे आहे. भामरागडला पोहोचल्यावर टाकीत ३२५ किलो उरले. ७५ किलोचा रुग्ण आत आला की वजन २,५३० किलो. जागा झाडांनी वेढलेली असल्याने सरळ वर उठण्याचा तक्ता लावला आणि त्याने २,५०० च सांगितले, तर ३० किलो जास्त झाले. इंधन कमी करता येत नाही, कारण ते नेमके परतीपुरतेच आहे. आता तीनच वाटा उरतात. एक, परिचारकाला मागे ठेवायचे; म्हणजे गंभीर रुग्णाबरोबर डॉक्टर एकटा. दोन, गावाजवळील मोकळे मैदान आधीच पाहून ठेवायचे, जेथून पुढे वेग घेत उठता येईल. तीन, गडचिरोलीला इंधनाची सोय करायची. भामरागड ते गडचिरोली सरळ रेषेत १०५ किलोमीटरच आहे, त्यामुळे परतीला राखीव साठ्यासह २०० किलो पुरतात, उठताना वजन २,४०५ वर येते आणि ९५ किलोंचा वाव मिळतो. त्या बदल्यात रुग्णासह एक जादा थांबा घ्यावा लागतो.

चारही यंत्रांसाठी हा हिशेब एकाच कागदावर मांडला की चर्चेचा सूर बदलतो. अनेकदा असे दिसते की मोठे यंत्र घेण्याऐवजी लहान यंत्र आणि एका ठिकाणी इंधनाचा साठा ही जोडी अधिक शहाणपणाची आहे. चिखलदऱ्यासारखी उंचावरची फेरी वारंवार होणार असेल, तर मात्र मोठ्या यंत्राला पर्याय राहत नाही.

सातवा टप्पा: वेगाला त्याच्या जागी ठेवा

एडब्ल्यू१०९ ची चाके उड्डाणात आत ओढली जातात आणि ते या चौघांत सर्वांत वेगवान गणले जाते. बेल ४२९ त्याच्या मागोमाग येते आणि एअरबसची दोन्ही यंत्रे थोडी मंद आहेत. पण ताशी २३५ आणि २६५ किलोमीटर वेगांतील फरक गडचिरोलीपर्यंत चार मिनिटांचा आणि भामरागडपर्यंत सात मिनिटांचा पडतो. फोन आल्यापासून पाती फिरेपर्यंतचा वेळ आणि रुग्ण आत घेण्याचा वेळ यांत यापेक्षा जास्त मिनिटे सहज वाया जातात. वेगाचा दावा पडताळायचा असल्यास जीपीएसवरील जमिनीसापेक्ष वेग जाताना आणि येताना, दोन्ही दिशांनी, त्याच उंचीवर आणि त्याच वजनाच्या आसपास नोंदवून सरासरी घ्यावी. एकाच दिशेच्या नोंदीत वाऱ्याचा वाटा मिसळलेला असतो.

आठवा टप्पा: दार, शेपूट आणि धूळ

एच१३५ आणि एच१४५ यांना मागून उघडणारी दुहेरी दारे आहेत, बेल ४२९ ला ती पर्यायी मिळतात, एडब्ल्यू१०९ मध्ये स्ट्रेचर बाजूच्या दारातून आत जाते. मागून रुग्ण आत घेताना माणसे शेपटीच्या पंख्याजवळून वावरतात. एअरबसच्या यंत्रांत तो पंखा कड्यात बंदिस्त असतो, इतर दोघांत उघडा. पाती फिरत असताना रुग्ण चढवायची पद्धत ठेवायची असेल, तर या फरकाला महत्त्व द्यावे. उतरण्याच्या जागी धावत येणारी गर्दी लक्षात घेता मी तरी बंदिस्त पंख्याला झुकते माप देईन.

पात्यांखालील वाऱ्याचा जोर वजन आणि चक्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. कमाल वजनाला प्रत्येक चौरस मीटरमागे एच१३५, बेल ४२९ आणि एडब्ल्यू१०९ यांचा भार ३४ ते ३६ किलोच्या आसपास येतो, पाच पात्यांच्या एच१४५ चा ४१ च्या पुढे. एप्रिलमध्ये नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात उतरताना याचा अर्थ लगेच कळतो: शेवटच्या काही मीटरांत जमीन दिसेनाशी होते. उतरण्याच्या जागांवर पाणी मारण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे आधीच सोपवलेली असावी.

नववा टप्पा: प्रत्यक्ष उडवून पाहा, आणि मे महिन्यातच

प्रात्यक्षिक बहुतेक वेळा हिवाळ्यात, सकाळी आणि दोन-तीन पाहुण्यांना घेऊन होते. त्यातून आसने किती मऊ आहेत याशिवाय फारसे काही कळत नाही. प्रात्यक्षिक दुपारी दोन ते चारच्या दरम्यान मागावे, वैद्यकीय साहित्याच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधाव्यात आणि फेरीइतके इंधन भरावे. जमिनीपासून दूर स्थिर हॉवरमध्ये बाहेरचे तापमान, दाब-उंची, वारा, त्या क्षणीचे वजन, टॉर्क, इंजिनाचे तापमान आणि फेरे अशा सात नोंदी घ्याव्यात, आणि कोणती मर्यादा आधी गाठली गेली हे लिहावे. वारा ताशी पाच-सात किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर नोंद सोडून द्यावी, कारण समोरचा वारा हॉवरला फुकटची मदत करतो.

इंजिन किती वापरलेले आहे, हेही पाहावे. तक्ते किमान पात्रता पूर्ण करणाऱ्या इंजिनासाठी असतात. नवे इंजिन त्यापेक्षा चांगले वागते आणि प्रात्यक्षिकात डोळे दिपवते. नियमित शक्ती-पडताळणीच्या मागील वर्षभराच्या नोंदी मागितल्या की इंजिनाचा कल दिसतो, आणि धुळीच्या प्रदेशात कॉम्प्रेसर किती वेळा धुतला जातो हेही त्यातून कळते.

करार करताना वेग आणि आसनसंख्या यांच्या आधी एक वाक्य लिहून घ्यावे: सर्व साहित्यासह आणि वातानुकूलनासह, ४४ अंश तापमानाला, ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या उड्डाणपद्धतीने, अमुक इतके इंधन टाकीत असताना, वैमानिक व पथक सोडून रुग्णासाठी किमान अमुक किलो. हा आकडा लिहून देण्यास जी चालक कंपनी तयार होईल, तिच्याशी दराची बोलणी सुरू करावीत.